‘बरे होणे’ आणि ‘तारण’ : दुष्काळ-प्लेगच्या काळातील मराठी ख्रिस्ती आत्मकथनांविषयी काही विचार

संकटकाळी माणूस देवाकडे वळतो हे सर्व धर्मांच्या वाङ्मयात आढळणारे सत्य असल्यामुळे त्याची वेगळी चर्चा करण्याची गरज बहुधा कोणाला भासत नाही. परंतु वळल्यानंतर त्याला जे मिळते त्याला तो कोणते नाव देतो, हा प्रश्न मात्र भाषेचा आहे, आणि तो प्रत्येक भाषेत निराळ्या रीतीने सुटलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे लागोपाठ कोसळली. याच काळात ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धेचा आश्रय घेतला, त्यांपैकी दोन स्त्रियांची आत्मकथने आज भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. पंडिता रमाबाईंचे १९०७ मधील आत्मनिवेदन हे त्यांतील एक, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे दुसरे. या दोन्हींमध्ये ‘बरे होणे’ म्हणजे नेमके काय, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. नव्या करारातील ग्रीक भाषेत ‘सोझो’ या एकाच क्रियापदाने रोगातून मोकळे करणे आणि पापातून सोडविणे हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. लूकच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायाच्या शेवटी येशू एका पापी म्हणून हिणविलेल्या स्त्रीला जे वाक्य बोलतो, तेच वाक्य आठव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला उद्देशून येते. ग्रीक शब्द दोन्ही ठिकाणी तेच आहेत. प्रचलित मराठी भाषांतरात मात्र पहिल्या ठिकाणी ‘तारणे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बरे करणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे योजिली आहेत. भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. दोन्ही अर्थ पोटात घेणारा एक शब्द मराठीत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्यांना निवड करणे भाग होते. या निवडीचा परिणाम असा की, मराठी वाचकाच्या मनात शरीराचे आरोग्य आणि आत्म्याचे तारण ही दोन वेगळी खाती उघडली गेली.

हे दोन्ही शब्द जरा उलटून पाहिले तर आणखी काही गोष्टी हाती लागतात. ‘तारण’ हा शब्द मूळचा तरून जाण्याशी, भवसागर ओलांडण्याशी निगडित. पण व्यवहारातील मराठीत तारण म्हणजे कर्जासाठी सावकाराकडे गुंतविलेली वस्तू. ज्या कुणब्याने जमीन तारण ठेवली त्यालाच धर्मोपदेशक तारणाची वार्ता सांगत होता, ही भाषेने केलेली क्रूर थट्टाच म्हटली पाहिजे. एका वर्गात हा मुद्दा मांडला असता एका बंगाली विद्यार्थ्याने लगेच सांगितले की त्यांच्याकडे तारणाऱ्याला ‘त्राणकर्ता’ म्हणतात आणि पूर-दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या मदतीलाही ‘त्राण’च म्हणतात. बंगालीत जी गोष्ट शिधा देणाऱ्या हाताशी जोडली गेली, ती मराठीत गहाणखताशी जोडली गेली. तमिळमध्ये कृष्ण पिळ्ळै यांनी १८९४ मध्ये आपल्या महाकाव्याला ‘रक्षण्य यात्रिकम्’ असे नाव दिले. वैष्णव परंपरेत वाढून ख्रिस्ती झालेल्या त्या कवीने ‘रक्षण’ हा शब्द जवळ केला, यात त्याच्या पूर्वसंस्काराचा वाटा नसेल असे वाटत नाही.

‘बरे’ हा शब्द त्याहून साधा आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. मराठी माणूस रोगातून उठला की बरा होतो. पण ‘बरे’ म्हणजे चांगले, ‘बरे’ म्हणजे ठीक, आणि ‘बरे’ म्हणजे मान्य करणे, संमती देणेही. ताप उतरलेल्या रोग्याला आपण ‘बरे वाटते का?’ असे विचारतो, तेव्हा रोग समूळ गेला की नाही हा प्रश्न त्यात अभिप्रेत नसतो. दुखणे असतानाही बरे वाटू शकते, ही शक्यता मराठीने आपल्या अगदी रोजच्या शब्दात राखून ठेवली आहे. पुढील विवेचनात तिचा उपयोग होईल.

विश्वासाने बरे होण्याची कल्पना महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी आणली असे मानणे चूक ठरेल. सरस्वती गंगाधराच्या ‘गुरुचरित्रा’त पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण येतो. अन्न पोटात गेले की त्याला असह्य वेदना होतात. अखेर तो गोदावरीत जीव देण्यास निघतो. श्रीगुरू त्याला थांबवितात आणि त्याला पोटभर जेवावयास घालवितात. त्या भोजनानेच त्याची व्यथा जाते. जीव द्यायला निघालेला माणूस, त्याला अडविणारा सत्पुरुष, वैद्यकाच्या उलट असलेला उपचार आणि तत्काळ मिळालेला गुण, या सर्व घटकांनी ही कथा एका सुस्थिर कथाबंधाचा नमुना ठरते. त्या ग्रंथाचे पारायण रोगनिवारणासाठी घरोघर होत आले, आणि गाणगापूरला पीडित माणसे आजही जातात. पुराणांच्या आणि पोथ्यांच्या शेवटी येणारी फलश्रुतीही हेच आश्वासन देते. ऐकणाऱ्याची व्याधी जाईल, हे तिथे स्पष्टपणे सांगितलेले असते.

मराठीत ख्रिस्ती काव्याचा आरंभ झाला तो याच पुराणपरंपरेच्या चौकटीत. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. जुनी पुराणे सोडावी लागलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या जागी काही हवे होते. स्टीफन्सने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, ओवीचा ताल राखला, आणि दुसऱ्या पुराणात येशूने आंधळ्यांना, पांगळ्यांना, कुष्ठ्यांना बरे केल्याच्या कथा सांगितल्या. श्रोत्यांच्या दृष्टीने या कथा ओळखीच्याच होत्या. केवळ बरे करणारा बदलला होता.

त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, अधिक भीषण परिस्थितीत, मराठी ख्रिस्ती लेखक हाच बंध पुन्हा वापरतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. मिशनच्या इंग्रजी अहवालांनी ती पूर्णही केली. परंतु उत्तम आत्मकथनांनी ती टाळली. मला या विषयात लिहिण्यासारखे जे वाटते ते येथेच आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींच्या कथनांत रोगी आहेत, मरणारे आहेत, प्रार्थना आहे, पण पोटशुळाच्या ब्राह्मणासारखा तत्काळ गुण कथनाच्या मध्यभागी कोठेही ठेवलेला नाही.

रमाबाईंचे उदाहरण प्रथम घेऊ. त्यांचे आत्मनिवेदन मुळात इंग्रजीत लिहिले गेले, त्यामुळे मराठी विभागात त्याची चर्चा करावी का, असा आक्षेप येऊ शकेल. पण त्या निवेदनातील अनुभव मराठी आहे, आणि ते लिहिले जात असताना लेखिका संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामाला लागलेली होती. त्या भाषांतरापासून हे निवेदन तोडून वाचणे हेच मला कृत्रिम वाटते.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत दक्षिणेत फिरत होते. १८७४ ते १८७७ या काळातील उपासमारीने ते कुटुंब जवळजवळ नाहीसे केले. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण. जवळचे द्रव्य देवांना आणि ब्राह्मणांना देण्यात संपले होते, आणि संकटात त्याचे फळ मिळेल ही आशा होती. अकरा दिवस पाणी, पाने आणि रानटी खजुरांवर काढल्याचे रमाबाई सांगतात. वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या पित्याने जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा मुलाने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखविली. आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग तर विसरता येत नाही. भुकेने भ्रमिष्ट झालेल्या आईसाठी शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला ही मुलगी जाते आणि तिला तोंडातून शब्द फुटत नाही. शास्त्र्याच्या घरात अनेक स्तोत्रे मुखोद्गत असलेल्या मुलीला भाकर मागण्यासाठी शब्द सापडला नाही, यावर भाष्य करण्याची रमाबाईंना गरज वाटत नाही. आणि तीच त्यांच्या लेखनाची शक्ती आहे.

आता या कथनाचा कालक्रम लक्षात घेतला पाहिजे. दुष्काळात ख्रिस्ताने अन्न दिले आणि म्हणून श्रद्धा बसली, असे येथे घडलेले नाही. त्या उपासमारीनंतर ही बहीणभावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे पंडितांच्या सभेने रमाबाईंना ‘सरस्वती’ पदवी दिली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी झालेला विवाह १८८२ च्या फेब्रुवारीत पतीच्या पटकीने झालेल्या मृत्यूने संपला. बाप्तिस्मा झाला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे. त्याच्या थोडे आधी, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली होती. त्या घटनेचा आघात रमाबाईंवर किती झाला असेल याची कल्पना करता येते, पण त्या तिच्यावर आपले निवेदन उभारीत नाहीत. भूक आणि श्रद्धा यांच्यामध्ये जवळजवळ सहा वर्षांचे अंतर आहे. ‘पोटासाठी धर्म’ हा जो आरोप त्या काळी सर्रास होत असे, तो या एका गोष्टीनेच निरर्थक ठरतो.

त्याहून महत्त्वाचे असे की, रमाबाई स्वतः बाप्तिस्म्याला बरे होणे मानीत नाहीत. त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असा भेद त्या मागाहून करतात आणि दुसऱ्या प्राप्तीचा काळ त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, मुंबईतून पुण्यास हलविलेल्या शारदा सदनाच्या धकाधकीत ठेवतात. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राचे वाचन त्याला निमित्त झाले. या गृहस्थाला स्वतः उपदेश करीत असतानाच आपल्या श्रद्धेची उणीव कळली होती. विद्वान स्त्रीला अशा माणसाची कथा जवळची वाटावी हे स्वाभाविकच. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’मध्ये धर्मांतर हा प्रामुख्याने विचाराचा, वादाचा आणि निर्णयाचा प्रवास आहे. रमाबाईंना हा प्रवास ठाऊक होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्याचाच भाग होता. पण निर्णय झाल्यानंतरही मन दुखतच राहिले, ही कबुली पदमनजींच्या पिढीला देता आली नसती.

रमाबाईंच्या निवेदनात ख्रिस्ताकडे ओढणारा पहिला प्रसंग कोणता हेही पाहण्यासारखे आहे. लंडनमधील फुलम येथे सिस्टर्सनी चालविलेले ‘पतित’ स्त्रियांचे आश्रयगृह त्यांनी पाहिले आणि या स्त्रियांची सेवा कशासाठी, असे विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची कथा, दाखविण्यात आली. बरे करण्याच्या इतक्या कथा असताना रमाबाईंच्या मनाला भिडली ती ही. तिच्यात रोगच नाही. विहिरीवर आलेली एक बाई आहे, जिच्या जातीच्या हातचे पाणी यहुदी माणूस पीत नाही, आणि तिच्याकडे पाणी मागणारा एक यहुदी आहे. इंग्लंडमधील वाचकाला ही पाप आणि क्षमेची कथा वाटली असेल. विहिरीवर कोण कोणत्या बाजूला उभे राहतो हे लहानपणापासून पाहिलेल्या मराठी वाचकाला ती आणखी काही सांगते.

पाणी आणि विटाळ हा धागा लक्ष्मीबाई टिळकांकडे सरळ नेतो. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग लेखिकेच्या १९३६ मधील मृत्यूमुळे अपुरा राहिला. हे पुस्तक विनोदासाठी आणि भाषेसाठी वाखाणले गेले, ते योग्यच आहे. पण त्याची सुरुवात एका आजाराने होते याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १८५७ च्या धामधुमीत आप्ताला झालेल्या फाशीनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे जबर वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई, अगदी धुतल्यावर टिकू नयेत असे जिन्नससुद्धा. या धुण्याचा सर्व भार घरातील बायकांवर. लक्ष्मीबाई हे सारे हसतहसत सांगतात, पण त्या हसण्याखाली एका भयाने वेढलेल्या घराचे चित्र आहे. राजकीय हिंसेने मोडलेल्या मनाने धर्माच्या आचारात निवारा शोधला आणि तो निवाराच रोग बनला. धार्मिक आचारातून आरोग्य मिळते या समजुतीची इतकी तीक्ष्ण तपासणी मराठीत दुसरीकडे क्वचितच झाली असेल, आणि ती करणारी स्त्री पुढे ख्रिस्ती झालेली आहे. मुद्दा हिंदू आचाराविरुद्ध ख्रिस्ती आचार असा मुळीच नाही. कोणताही आचार भीतीच्या हाती गेला तर काय होते, हा आहे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यानंतरची काही वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने गेली. टिळकांना सापडलेले समाधान हेच पत्नीचे दुखणे झाले. एकाचे बरे होणे दुसऱ्याचा आजार ठरू शकते, हे सत्य धर्मांतराच्या प्रशस्तिपर वाङ्मयात येत नाही. ‘स्मृतिचित्रे’त ते पानोपानी आहे. पुढे दोघे नगर भागात पुन्हा एकत्र राहू लागले. पण एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली असा तो संसार होता. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. राहुरीस असताना, लक्ष्मीबाईंच्या सांगण्यानुसार, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे हा विचार त्यांच्या मनात एकाएकी स्पष्ट झाला आणि विटाळाची भीती गेली. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. बाप्तिस्मा १९०० मध्ये.

हा क्रम रमाबाईंच्या नेमका उलटा आहे. रमाबाईंना प्रथम धर्म मिळाला आणि बरे वाटले ते आठ वर्षांनी. लक्ष्मीबाईंना आधी बरे वाटले आणि धर्म मागून आला. पण दोघींच्या कथनांत ‘बरे होणे’ म्हणजे दुखणे नाहीसे होणे नव्हे. वडिलांच्या वेडातून वारशाने आलेली धास्ती सुटली, इतकेच लक्ष्मीबाई सांगतात. मुले दगावली होती, गरिबी होती, टिळकांचा तापट आणि उधळा स्वभाव होता, तो त्यांच्या अंतापर्यंत राहिला. नगर भागात प्लेग आला तेव्हा हे जोडपे रोग्यांच्या शुश्रूषेत उतरले. त्या प्रकरणांत प्रार्थना आहे, पण प्रार्थनेपेक्षा अंथरुणे, औषधे आणि माणसांचे स्वभाव अधिक आहेत. लक्ष्मीबाईंनी याचा उपयोग चमत्कार सांगण्यासाठी करून घेतला असता तर त्यांना कोण अडविणार होते?

मराठी ख्रिस्ती आत्मकथनाने गुरुचरित्राची वाट सोडली ती कोणती वाट धरण्यासाठी, हे आता सांगता येईल. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. या आपत्तीबद्दल त्यांनी देवाला जे सांगितले ते असे की, झाले ते बरेच झाले. त्यात संकट नाकारलेले नाही, ते परतविण्याची याचनाही नाही. ‘बरे’ हा शब्द तिथे आरोग्याच्या आणि संमतीच्या मधोमध उभा आहे. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे विधान बहुधा भक्तिसंप्रदायाविषयीच्या आदराचा दाखला म्हणून उद्धृत केले जाते. त्यांच्या ‘अभंगांजली’तील छंद आणि आर्तता पाहता ते खरेही आहे. मला वाटते, त्या पुलावरून अभंगाच्या छंदाबरोबर दुखण्याकडे पाहण्याची एक रीतही पलीकडे गेली, आणि ती टिळकांच्या काव्यापेक्षा त्यांच्या पत्नीच्या गद्यात अधिक पक्की उतरली. टिळकांच्या अभंगांत आर्तता कधी कधी सुबक होते. लक्ष्मीबाईंना सुबक होण्याची सवड नव्हती.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो खरोखर जड आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई या ब्राह्मण घरांत जन्मलेल्या, शब्दांवर हुकमत असलेल्या स्त्रिया. दुष्काळाने ज्यांना मिशनच्या दारात आणले ती माणसे वेगळी होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या माळरानावर तंबू पडले. तेथेच पुढे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आणलेल्या मुलींपैकी कित्येक उपासमारीने इतक्या खचलेल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. १९०५ च्या जूनअखेर याच मुलींमध्ये ती प्रसिद्ध धर्मजागृती झाली. तासन् तास रडणे, उघड पापकबुली, अंगात आग पेटल्याचा अनुभव, अशी तिची वर्णने मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारिणीच्या १९०६ मधील पुस्तिकेतून आणि मुक्तीच्या इंग्रजी पत्रिकेतून जगभर गेली.

या वर्णनांचे काय करावयाचे? भाविकाला त्यांत पवित्र आत्म्याचे कार्य दिसते. संशयी माणसाला सामूहिक मानसिक आवेग. दोघेही एक साधी गोष्ट विसरतात. या मुली दुष्काळातून आल्या होत्या. त्यांनी आईबाप, भावंडे मेलेली पाहिली होती, आणि त्यांना रडण्यासाठी कोणी जागा दिली नव्हती. सात-आठ वर्षे शिस्तीत, शिवणकाम आणि धडे यांत घालविल्यानंतर त्या एकदम रडू लागल्या. रडण्याला पापकबुलीचे रूप मिळाले, कारण त्या घरात दुःखाला उपलब्ध असलेली भाषा तीच होती. मी हे निदान म्हणून सांगत नाही. भाषा जेवढी मिळते तेवढेच दुःख बोलता येते, एवढेच तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला म्हणता येईल. त्या मुलींपैकी कोणाचे आत्मकथन ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवण्याजोगे आपल्या परंपरेत आलेले नाही. त्यांचे बरे होणे आपल्याला इंग्रजीतून, दुसऱ्यांच्या लेखणीतून कळते.

कृपाबाई सत्यनाथन यांच्या ‘सगुणा’ची येथे आठवण होते. नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील या लेखिकेची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासमध्ये क्रमशः आली. तिच्यातील आजार आणि भावाचा मृत्यू यांना इंग्रजी कादंबरीचे संयत वळण मिळाले आहे. तीही धर्मांतरित ब्राह्मण घरातलीच. आक्षेप कायम राहतो.

मुक्तीच्या एका उपक्रमाकडे मात्र या संदर्भात लक्ष वेधावेसे वाटते. तिथल्या अंध स्त्रियांच्या निवासाला ‘बर्तिमी सदन’ असे नाव होते. मार्कच्या दहाव्या अध्यायातील बर्तिमी हा वाटेवर बसून ओरडणारा आंधळा भिकारी. त्याला दृष्टी मिळते, आणि ती मिळताना येशूच्या तोंडी तेच ग्रीक क्रियापद येते ज्याचा उल्लेख वर केला. मुक्तीतील अंध मुलींना दृष्टी आली नाही. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने ती या मुलींना शिकविली, आणि त्या बोटांनी वाचू लागल्या. नाव चमत्काराचे ठेवायचे आणि काम लिपीचे करायचे, यात ढोंग आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात त्या ग्रीक क्रियापदाचे एक भाषांतर दिसते, आणि ‘तारणे’ व ‘बरे करणे’ या दोन्ही प्रचलित प्रतिशब्दांपेक्षा ते मुळाला जवळचे वाटते.

रमाबाईंचे कागदावरचे भाषांतर त्यांच्या अखेरपर्यंत चालले. हिब्रू आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या होत्या, आणि संस्कृतप्रचुर शब्द टाळून खेड्यातील बाईला कळेल असे मराठी लिहिण्याचा त्यांचा आग्रह होता. विदुषीला हा आग्रह स्वतःविरुद्धच लढावा लागला असणार. या भाषांतरात सगळीकडे रस आहे असे नाही. काही ठिकाणी साधेपणाच्या हट्टाने वाक्य ओबडधोबड होते. कानांनी ऐकू येणे जवळजवळ बंद झालेले, प्रकृती खालावलेली, आणि १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेलेली. या कशावरही इलाज झाला नाही, तसा तो मागितल्याचाही गाजावाजा नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले, आणि तिथे काम करणाऱ्या तिथल्याच मुली होत्या. दुष्काळातून आलेल्या ज्या मुलींनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही, त्यांच्याच बरोबरीच्या हातांनी ‘बरे’ आणि ‘तारण’ हे शब्द तिथे जुळविले गेले.